कन्यादानाचं दुसरं शूटिंग

आमच्या रिसोडात एडिटिंगचं दुकान कुठं आहे असं विचारलंत, तर समोरचा तुमच्या तोंडाकडे बघत राहील. मिक्सिंगवाली मंगलताई कुठं बसते म्हणा, एसटी स्टँडपासून हाताला धरून आणून सोडेल. लग्नात कॅमेरा घेऊन फिरतो तो शूटिंगवाला. त्याने आणलेल्या ढिगातून बघण्याजोगा पिक्चर काढून देतो तो मिक्सिंगवाला. आमच्या घरात शूटिंगवाले म्हणजे माझे यजमान विलास, आणि मिक्सिंगवाली मी. ते लग्नाला जातात, फेटा बांधून घेतात, पंगतीत बसतात. मी दुकानात बसून त्याच पंगतीतली बुंदी पडद्यावर बघत डब्यातली भाजी-भाकर खाते. तालुक्यातली निम्मी लग्नं मी पाहिली आहेत आणि त्यातल्या बहुतेकांचं मला आमंत्रण नव्हतं.

मी शिकले तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. दोन व्हीसीआर, मध्ये मिक्सर आणि समोर दोन टीव्ही. एका कॅसेटवरचं दुसरीवर उतरवत जायचं आणि उतरवता उतरवताच गुलाबाची फुलं उडवायची, बदामाचा आकार आणायचा, त्या बदामात नवरा-नवरी बसवायची. बोट जरा मागंपुढं झालं की बदामात नवरीच्या जागी आचारी दिसायचा. मग कॅसेट तिथपर्यंत मागे फिरवा आणि तिथून पुढचं सगळं पुन्हा करा. एकाच जागी फार वेळा मागेपुढे केलं की टेप घासायची आणि चित्रात मुंग्या यायच्या. म्हणून त्या काळी आमचा हात फार जपून चालायचा. जीभ मात्र तेव्हाही जपून चालत नव्हती, असं विलास म्हणतात. खरं आहे. मी फटकळ आहे, आणि गिऱ्हाइकांनी मला तसं चालवून घेतलं हा त्यांचा मोठेपणा.

मग कॉम्प्युटर आला. त्यात कंट्रोल धरून झेड दाबलं की आपण शेवटचं केलेलं काम उलटतं. कापलेलं जुळतं, पुसलेलं परत येतं. आणखी दाबा, त्याच्या आधीचं काम उलटतं. आणि उलटवलेलं पुन्हा हवं असलं तर कंट्रोल आणि वाय. एवढीच गंमत. पण लोकांना या बटणाचं फार अप्रूप. दुकानात टेकलेला कोणीही माणूस मला झेड दाबताना बघतो आणि सुस्कारा सोडून म्हणतो, "ताई, असं बटन माणसाच्या जिंदगीत पायजे होतं." प्रत्येकाला वाटतं, हे आपल्यालाच पहिल्यांदा सुचलं. मी आता त्यावर हसणंसुद्धा सोडून दिलं आहे.

ज्यांना असं वाटतं त्यांनी ते बटण कधी वापरलेलं नसतं. त्याच्या अटी कडक आहेत. मधलंच एखादं काम उलटवता येत नाही. स्वेटर उसवताना वरच्या ओळी आधी उसवाव्या लागतात, तसं नंतरचं सगळं आधी उलटवावं लागतं, त्यात चांगलं झालेलंही जातं. दुसरी अट त्याहून वाईट. मागे गेलात आणि तिथे एक जरी नवीन काम केलंत, की पुढे यायचा रस्ता बंद. मग वाय कितीही दाबा, काही होत नाही.

ही दुसरी अट मला एका सोयाबीनच्या व्यापाऱ्याने शिकवली. त्याने मुलाच्या लग्नात एका पुढाऱ्याचं जंगी स्वागत केलं होतं. फेटा, शाल, नारळ आणि माइकवरून भाषण. पिक्चर तयार झाला तोवर दोघांचं एका निवडणुकीवरून फाटलं. शेठ तणतणत आले.

"ताई, त्या मानसाले काढून टाका. पुरा."

काढला. सत्काराचा तुकडा मी अगदी शेवटी जोडला होता, म्हणून नुसतं झेड दाबत मागे गेले. तिथे जागा रिकामी पडली म्हणून शेठच्या भाचीचा नाच टाकला, वर चांदण्या उडवल्या. पुढं निकाल लागला आणि पुढारी निवडून आले. शेठ पेढे घेऊन हजर.

"ताई, त्यायले परत आना. तुमचं ते वाय का काय हाये, ते दाबा न."

दाबून काय होणार? मध्ये भाची नाचून गेली होती. ते भाषण मला मूळ शूटिंगमधून शोधून, कापून, पुन्हा जागेवर बसवावं लागलं, आणि शेठ शेजारी बसून पुढाऱ्याच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. तेव्हापासून मी नियम केला. गिऱ्हाइकाने काही काढायला सांगितलं की मूळ कामाला हात लावायचा नाही. त्याची कॉपी करायची आणि जी काय तोडफोड करायची ती कॉपीत. माणसं रागात येतात, आणि राग उतरला की पुन्हा येतात.

रिठदच्या नारायणभाऊंच्या वेळी मी हेच धरून चालले होते.

नारायणभाऊ शेतकरी, उंच, शिडशिडीत, फार न बोलणारे. त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, अश्विनीचं, लग्न आम्ही वैशाखात शूट केलं होतं. मुलगी अनसिंगला दिली, जावई गोपाल. पिक्चर पावसाळ्यातच तयार होता, पण न्यायला कोणी आलं नाही. दिवाळी होऊन गेली, सोयाबीन विकून झालं, तेव्हा एका दुपारी नारायणभाऊ दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहिले. आत या म्हटलं तर टोपी काढून हातात घेतली आणि उभ्याउभ्याच म्हणाले,

"ताई, पिक्चरमधून सुदामले काढा. त्याच्या बायकोले बी."

सुदाम हा त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. दोघांची घरं एका अंगणात, वावरं एकमेकांना लागून.

"काहून? काय केलं त्यायनं?"

"धुरा कोरला त्यानं. माह्या वावरात घुसला. तहसीलमधी केस टाकली म्या."

धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. आमच्याकडे नांगरताना शेजाऱ्याचा धुरा थोडा थोडा कोरत नेणं हा जुना छंद आहे आणि त्यावरून भावाभावांत बोलणं बंद होणं हाही जुनाच. त्याचं मला नवल वाटलं नाही. माझी अडचण वेगळी होती.

"भाऊ, तुमाले माहीत हाये न, कन्यादानाले कोन बसलं होतं?"

त्यांना माहीत होतंच. अश्विनी लहान असताना तिची आई वारली. नारायणभाऊंनी दुसरं लग्न केलं नाही. मुलीला वाढवलं ते काकूने, म्हणजे सुदामच्या बायकोने, कांताने. लग्नात कन्यादानाला जोडपं लागतं, एकट्या विधुर माणसाने बसू नये, असं आमच्याकडे धरतात. म्हणून पाटावर बसले ते सुदाम आणि कांता. सुदामच्या ओंजळीत अश्विनीचा हात आणि वरून झारीने पाण्याची धार धरणारी कांताकाकू. त्या दोघांना काढायचं म्हणजे कन्यादानच काढायचं.

"कन्यादान नसलेला लग्नाचा पिक्चर कोनी पायला का आजपर्यंत?" मी म्हटलं. "पोरगी पळून गेली होती का तुमची?"

हे मी बोलायला नको होतं. पण ते रागावले नाहीत. "नसू द्या," एवढंच म्हणाले आणि खुर्चीवर बसले.

मी कॉपी केली आणि कॉपीत कात्री चालवली. अंतरपाट दूर झाला, हार पडले, टाळ्या वाजल्या, आणि एकदम सप्तपदी. मधलं सगळं गेलं. नारायणभाऊ टक लावून बघत होते.

"आता परत आना बरं."

मी झेड दाबलं. सुदाम आणि कांता पाटावर येऊन बसले.

"काढा."

वाय दाबलं, गेले.

"मी दाबू का?"

त्यांना कोणती बटणं ते दाखवलं. त्यांचं भेगाळलेलं बोट त्या बटणापुढे जाडं होतं, शेजारचंही दाबलं जात होतं. पण जमलं. भाऊ यायचा, जायचा. यायचा, जायचा. मला वाटलं, चला, असं करता करता याचा राग निवेल आणि हा माणूस मूळ पिक्चर घेऊन घरी जाईल. असे बरेच गेले आहेत.

नारायणभाऊंनी हात मागे घेतला.

"ताई, तो हाये तवा बी मी नाई. तो नाई तवा बी मी नाई. पोरीचा बाप कुठी हाये यात?"

मी पिक्चर पुढेमागे फिरवून बघितला. हळदीत नाहीत. वरात येताना नाहीत. आहेर घेताना एका कोपऱ्यात टोपी दिसली, तीही अर्धी. बिदाईच्या वेळी मुलगी कांताच्या गळ्यात पडून रडते आहे, शेजारी सुदाम डोळे पुसतो आहे. हा पिक्चर मीच जोडला होता, आणि जोडताना ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती.

त्यांना दोन दिवसांनी यायला सांगून मी मूळ शूटिंग काढलं. सगळं, जसंच्या तसं. त्यात नारायणभाऊ होते. पण कसे? पाण्याच्या टाकीचा पाइप ओढताना, पाठमोरे. बँडवाल्याशी हुज्जत घालताना, पाठमोरे. वऱ्हाड्यांच्या पानात वाकून वाढताना, नुसती पाठ. कॅमेरा आपल्याकडे वळतोय हे दिसलं की मुलीचा बाप आपल्यामुळे कोणाची अडचण नको म्हणून बाजूला सरकायचा. आणि आमच्या धंद्याचा साधा हिशोब आहे, पाठमोरं माणूस पहिल्यांदा कापायचं. मी ते सगळे तुकडे कापले होते. ते परत आणता आले असते. पण कन्यादानाच्या वेळचा एकही तुकडा नव्हता. मी विलासना विचारलं.

"मांडवात नव्हतेच ते," विलास म्हणाले. "कनातीच्या मांगं उभे होते. म्या पायलं. पन कन्यादान चालू असतांनी कनातीकडं कॅमेरा कायले फिरवू?"

शूटिंगवाला म्हणून त्यांचं बरोबर होतं. जे शूटच झालं नाही ते कोणतंही बटण आणून देत नाही. नारायणभाऊ आले तेव्हा मी त्यांना तसं स्पष्ट सांगितलं. त्यावर ते पहिल्यांदाच सलग बोलले.

"त्या दिवशी मी बसलो होतो पाटावर. सुदाम मले म्हने, दादा, तुमी उठा, एकट्यानं बसत नाईत. सारे म्हनले, उठा. मी उठलो. आता वाशीमच्या एका म्हाराजानं सांगतलं, कमरेले सुपारी खोसून बसता येते म्हने. बायकोच्या जागी सुपारी. मंग मले काहून उठोलं? माह्याच पोरीच्या लग्नात मले काहून उठोलं त्यायनं?"

धुरा तर होताच, पण खरी केस ही होती. ती तहसीलमध्ये टाकता येत नव्हती, म्हणून ते माझ्याकडे आले होते.

"ताई, आपन परत करू," ते म्हणाले. "अश्विनी येऊन राह्यली बाळंतपनाले. जावई सोडाले येईन. तुमी तेवढं कन्यादानाचं शूटिंग करा, माह्या हातचं. अन् त्या जागी घाला."

"भाऊ, कन्यादान दोनदा होत नसते."

"खरं कुठी करून राह्यलो? पिक्चरपुरतं."

यावर मला नाही म्हणता येईना. कारण आमचा सगळा धंदाच पुन्हा करायला लावण्याचा आहे. हार घालताना नवरीचा हात मध्ये आला, पुन्हा घाला. जावई हसला नाही, पुन्हा घास भरवा. कॅमेरा चालू नव्हता म्हणून एका नवरदेवाला आम्ही घोडीवरून उतरवून पुन्हा चढवलं आहे. मग या माणसाला कोणत्या तोंडाने नाही म्हणू? तरी मनात खात्री नव्हती. हे जुनं परत आणणं नव्हतं, नवीनच काम होतं, आणि ते केल्यावर मागचा रस्ता कोणाकोणासाठी बंद होईल ते दिसत नव्हतं.

संक्रांतीनंतर आम्ही रिठदला गेलो. जुन्या चित्राशी नवं जुळायला हवं म्हणून मीही गेले. शालू तोच हवा, फेटा तोच हवा, ऊन त्याच बाजूने यायला हवं. अंगणात पाय ठेवला आणि थबकले. दोन घरांच्या मधोमध टिनाचे पत्रे ठोकून भिंत उभी केली होती. लग्नात त्याच जागी मांडव होता.

अश्विनीला सातवा महिना होता. शालू कसाबसा गुंडाळलेला. विलास म्हणाले, छातीपासून वर घेतो, काही दिसणार नाही. गोपालने लग्नानंतर दाढी राखली होती. त्याला नारायणभाऊंनी सकाळीच न्हाव्याकडे पाठवलं, आणि बिचारा गाल चोळत पाटावर येऊन बसला.

"पौषात लगन लागून राह्यलं काय माह्यं?" तो म्हणाला. कोणी हसलं नाही. मलाच हसू आलं.

अश्विनीने मला जवळ बोलावलं.

"ताई, काकूले काढनार तुमी?"

"कॉपीतून. मूळ पिक्चर माह्याजवळ जसा होता तसाच हाये."

"मले मूळच पायजे. मले काकू पायजे त्यात." मग हळूच म्हणाली, "पन बाबाले काई म्हनू नका. त्यायले बसू द्या. त्या दिवशी ते कनातीमांगं रडत होते, मले आवाज येत होता."

नारायणभाऊ आतून आले. नवं धोतर, नवी टोपी. कमरेला सुपारी खोचली होती आणि ती जागच्या जागी आहे ना हे ते पुन्हा पुन्हा बोटाने चाचपून बघत होते. पाटावर बसले. भटजी बोलावलाच नव्हता, मंत्रांचा आवाज मी जुन्या शूटिंगमधून घेणार होते. त्यांनी ओंजळ केली. अश्विनीने हात ठेवला, गोपालने खाली हात धरला. विलासनी कॅमेरा सुरू केला आणि मान हलवली.

काहीच झालं नाही. सगळे एकमेकांकडे बघत बसले.

"धार?" विलास कॅमेऱ्यामागून म्हणाले. "धार कोन धरन?"

झारी भरून ठेवली होती, पण ती उचलायची कोणी, हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. ते काम आईचं. सुपारीने बायकोची जागा भरते म्हणतात, पण सुपारीला हात कुठून आणायचे?

"मंगलताई, तुमी धरा," नारायणभाऊ म्हणाले. "हातच तं दिसन."

"मी कोन? उद्या लोक विचारतीन, ही मिक्सिंगवाली पोरीची माय कवा झाली?"

मी चेष्टेने बोलले, पण झारीला हात लावायची माझी तयारी नव्हती, हे खरं. ती माझी जागा नव्हती. नारायणभाऊंची ओंजळ तशीच धरलेली होती. विलास कॅमेरा बंद करायला निघाले.

तेवढ्यात अश्विनीने जागेवरून न उठता पत्र्याच्या भिंतीकडे तोंड करून हाक मारली.

"काकू! ओ काकू! धार धराले या."

पलीकडे भांडी घासण्याचा आवाज येत होता, तो थांबला. नारायणभाऊ मान खाली घालून बसले होते. ओंजळ सोडून उठायचं असतं तर तेव्हा उठता आलं असतं. उठले नाहीत.

कांताकाकू पुढच्या रस्त्याने फिरून अंगणात आली. हात ओले, मनगटाला राख लागलेली. डोक्यावरचा पदर तिने आणखी पुढे ओढला. नारायणभाऊ तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांच्यासमोर ती कधी उभी राहिली नव्हती की थेट बोलली नव्हती. आताही ती अश्विनीच्या मागे, एका अंगाला उभी राहिली.

"अश्विने, इचार तुह्या बाबाले," ती म्हणाली. "चालन का?"

अश्विनीने विचारलं नाही. सगळ्यांनी ऐकलंच होतं. नारायणभाऊ त्या झारीकडे बघत म्हणाले,

"पानी पडू द्या."

काकूने पदराला हात पुसले आणि झारी उचलली. भासऱ्यांपुढे यायचं नाही म्हणून अंग मागेच ठेवलं, फक्त हात पुढे केला. धार ओंजळीत पडली, अश्विनीच्या हातावरून गोपालच्या हातात उतरली, खालच्या परातीत गेली. मंत्र नव्हते, बँड नव्हता, पाण्याचाच आवाज होता. पिक्चरला लागतं त्याहून कितीतरी जास्त वेळ ती धार चालली, झारी रिकामी होईपर्यंत. नारायणभाऊ रडत होते. विलास हा माणूस कॅमेऱ्यामागे कधी हलत नाही, पण त्या तुकड्यात चित्र हललेलं आहे.

काकूने झारी खाली ठेवली, अश्विनीच्या तोंडावरून हात फिरवला आणि आली त्या रस्त्याने परत गेली. थोड्या वेळाने पलीकडे पुन्हा भांडी वाजायला लागली. सुदाम वावरात होता. त्याला हे संध्याकाळी कळलं असेल. तो काय म्हणाला हे मला माहीत नाही.

दुकानात आल्यावर मी तो तुकडा जुन्याच्या जागी बसवला. रंग जुळवला, मंत्र खाली घातले. काम चांगलं झालं होतं, मी सांगते म्हणून नाही. फक्त एक गोष्ट राहिली होती. चित्राच्या उजव्या कडेने एक हात येत होता. हिरव्या बांगड्या, मनगटाला राख.

नारायणभाऊ बघायला आले तेव्हा मी आधीच सांगून टाकलं.

"भाऊ, तेवढा हात दिसते. चित्र जराशिक मोठं केलं का निंगून जाईन. धार तेवढी दिसन, धरनारं कोनी दिसनार नाई."

त्यांनी एकदा बघितलं. पुन्हा लावा म्हणाले, पुन्हा बघितलं. स्वतःकडे ते फार बघतच नव्हते.

"आंदीच्या कन्यादानात बी हाच हात हाये न?"

"हो. तोच."

"मंग ठेवा. अन् आंदीचं बी ठेवा. पयले त्यायचं, मंग माह्यं."

"एका पिक्चरमधी दोन कन्यादानं? लोक हासतीन, भाऊ."

"हासू द्या. धुऱ्याची केस मी लढीनच, त्याले सोडत नाई. पन पोरीले वाढोलं त्यायनं, हे मले कसं काढता येईन?"

मी तसाच पिक्चर करून दिला. पहिल्या कन्यादानात नवरदेव ताजा दाढी केलेला आणि दुसऱ्यात गालावर वस्तऱ्याची लाली. आधी मांडव, आणि मग मागे थोडासा टिनाचा पत्रा. जाणत्या माणसाला सगळं कळेल. कळू दे. माझ्या हातून गेलेल्या पिक्चरांत तांत्रिकदृष्ट्या इतका चुकीचा दुसरा नसेल, आणि त्याला पुन्हा हात लावायची मला इच्छा नाही.

अश्विनीला मुलगी झाली. बारशाचं शूटिंग आमच्याकडेच आलं, तेही मीच जोडलं. धुऱ्याची केस अजून चालू आहे. पत्र्याची भिंत तशीच आहे, आणि सुदाम त्या शूटिंगमध्ये कुठेच नाही. पाळण्याची दोरी कांताकाकूच्या हातात आहे. अंगण बायकांनी भरलेलं आहे, आणि त्या सगळ्यांच्या मध्ये, पाळण्याला खेटून, कॅमेऱ्याकडे तोंड करून नारायणभाऊ बसले आहेत. बायका हसून त्यांना सांगताहेत, बाबा, उठा आता, हा बायकांचा कार्यक्रम हाये.

"नाई," नारायणभाऊ म्हणतात. "आता नाई उठत."